ब्रेक लागले नाहीत

कन्हानच्या भंगारवाल्याकडून विश्वनाथनं तो ट्रक गॅरेजात ओढून आणला, तेव्हा त्याला बॉनेट नव्हतं आणि कंपनीचं नाव गंजून गेलं होतं. येणारा जो तो वेगळंच नाव सांगायचा. मग विश्वनाथचे सासरे लहानू आले. तरुणपणी त्यांनी कोळशाच्या खाणीवर असल्या गाड्या चालवल्या होत्या. खाली हात घालून त्यांनी गिअरबॉक्स चाचपला आणि सांगितलं, ही दुसऱ्या महायुद्धातली शेवरलेट, मिलिटरीनं लिलावात काढलेली. पुढं इंजिनवरचा चिखल खरवडला तेव्हा ते खरं निघालं.

विश्वनाथनं त्या गाडीत जीव ओतला. त्याची बायको प्रेमिला, लहानूंची लेक, सुटे भाग रॉकेलमध्ये धुऊन द्यायची. १९७३च्या पावसाळ्यात गाडी सुरू झाली. पहिल्यांदा ती कोणी चालवायची, हा प्रश्नच नव्हता. त्या गिअरला दोनदा क्लच दाबावा लागे, आणि ती सवय लहानूंच्याच पायात होती.

पण लहानूंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. त्या बाजूला त्यांना नुसतं धुकं दिसायचं. घरात त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. जावयानं मानानं स्टिअरिंगवर बसवलं आणि ते बसले.

नाक्यावर डावीकडं वळताना ट्रकनं भाजीवाल्या बायजाबाईच्या मांडवाचे खांब उडवले. बायजाबाई बाजूला पडली आणि तिचं मनगट मोडलं. माणसं धावत आली. लहानू खाली उतरले. विचार करायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ब्रेक लागले नाहीत."

सगळ्यांनी विश्वनाथकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडची गिऱ्हाइकं दुसरीकडं जाऊ लागली. त्यानं चारही चाकं उतरवली, ब्रेक उघडले, पुन्हा बसवले, पुन्हा उघडले. दोष सापडेना. जेवताना तो आपल्या हातांकडं पाहत राही. एकदा लहानूंना म्हणाला, "माह्याच हातून काही राहून गेलं असन, मामाजी. मले समजूनच नाही राहिलं."

लहानू ताटावरून उठले. सांगावं म्हणून ते दोनदा गॅरेजच्या दारापर्यंत गेले. आतून पान्याचा आवाज यायचा आणि ते माघारी फिरायचे. जावई माणूस, त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं उभं राहावं?

दसऱ्याला वस्तीतल्या लोकांना दीक्षाभूमीवर जायचं होतं. विश्वनाथनं आपणहून ट्रक देऊ केला. ब्रेक त्यानं पार नवे बसवले होते. लोक बिचकत होते, म्हणून त्यानं सांगितलं की मामाजी चालवतील. लहानूंचं नाव ऐकून बाया लेकरांना घेऊन यायला तयार झाल्या.

सकाळी लहानू स्टिअरिंगवर बसले. मागं लेकरं फळीवर हात आपटत होती, कोणाची तरी आई त्यांना खाली बसवत होती. लहानूंनी डावीकडं पाहिलं. नुसतं धुकं होतं.

ते खाली उतरले.

"ब्रेक तवाही चांगले होते," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्यानं पुन्हा म्हणाले. "मले बायजाबाईचा मांडवच दिसला नाही. डोळा गेला माहा. मी खोटं बोललो."

हाताला पट्टी बांधलेली बायजाबाई ट्रकजवळच उभी होती. ती म्हणाली, "डोळ्याचं राहू द्या, लहानूभाऊ. पण इतके दिवस त्या पोराले काहून जाळलं?"

विश्वनाथ त्यांच्या जवळून गेला, त्यांच्याकडं न पाहता स्टिअरिंगवर बसला. लहानू घराकडं वळले तेव्हा प्रेमिलानं हाक मारली.

"बाबा, मागं बसा."

ते बायालेकरांत जाऊन बसले. वाटेत गिअर अनेकदा खरखरला. तो कसा टाकायचा हे त्यांना सांगता आलं असतं, पण त्यांनी मान वर केली नाही.

नंतर लहानूंनी बायजाबाईचा मांडव उभा करून दिला. तुटलेल्या एकेका गिऱ्हाइकाच्या दारी ते स्वतः गेले आणि घडलं ते सांगून आले. काहींनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. गाड्या हळूहळू गॅरेजात परतल्या. विश्वनाथ मात्र बरेच दिवस कामापुरतंच बोलायचा. हिवाळ्यात तोच त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन गेला.