ओळंब्याचे पेले

"अहो काका, पण हे सगळे सारखेच वाकडे आहेत!"

मालकीणबाईंनी दगडी फळीवर सहा पेले ओळीने मांडले होते. दोन निळे, दोन हिरवे, दोन मधाच्या रंगाचे. सहाच्या सहा डावीकडे कललेले, आणि तेही एकाच मापाने, कवायतीत हुकूम सुटल्यासारखे. शेजारच्या बाकावरचा गवई फिस्सकन हसला आणि मग खोकल्याचं निमित्त करून भट्टीकडे वळला.

ज्याने हे पेले फुंकले होते तो मान खाली घालून उभा होता. कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला जी वजन बांधलेली दोरी सोडतो, तो ओळंबा. याचा पेला सरळ म्हणजे सरळच. पेला थंड झाला की हा तो काठोकाठ पाण्याने भरून दगडी फळीवर ठेवायचा, समोर उकिडवा बसायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. पाणी सगळीकडून एकदम काठाला टेकलं तर पास. नाहीतर पेला तुकड्यांच्या पेटीत, पुन्हा वितळायला. थोरल्या मालकांच्या वेळी हाच कारखान्याचा कायदा होता. त्या काळात गवयाचे निम्मे पेले पेटीत जायचे, आणि शिव्या खाऊनही तो गुणगुणायचा थांबायचा नाही, म्हणून तो गवई.

आता थोरल्या मालकांची मुलगी कारभार बघत होती आणि कायदा उलटा झाला होता. गवयाचे वेडेवाकडे, बुडबुड्यांचे पेले दुकानवाले हातोहात उचलत होते. ओळंब्याची खोकी मात्र परत येत होती. का, तर म्हणे मशीनचे वाटतात! हे ऐकलं त्या दिवशी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"काका, रागावू नका," मालकीणबाई समजुतीने म्हणाल्या. "सरळ ग्लास लोकांना कुठेही मिळतो. आपल्याकडे येतात ते रोजच्या पाण्याला काहीतरी हाताचं हवं म्हणून. त्यात कुणाचा तरी हात दिसायला हवा."

"हात दिसू नये म्हणून तर आयुष्य घातलं ताई."

"माहीत आहे मला. लहानपणापासून बघतेय तुम्हाला. पण उद्या दुकानवाले येणार आहेत. त्यांना दाखवायला तुमचं काही नसेल, तर पुढचा बाक मला गवईकाकांना द्यावा लागेल. तुम्ही पॅकिंग बघा. तेही जबाबदारीचंच काम आहे."

पॅकिंग! म्हणजे गवयाने वाकडं करायचं आणि याने ते कागदात गुंडाळायचं. बाई वाईट नव्हत्या, बोलत होत्या तेही खोटं नव्हतं, आणि नेमकी त्याचीच चीड येत होती. भांडायला समोर कुणीतरी नालायक माणूस तरी हवा.

त्या गेल्यावर गवई जवळ आला. "दादा, वाकडं करायचं नसतं. होऊ द्यायचं असतं. तू तेसुद्धा मोजून करतोस."

"तू गप बस."

"बसतो. पण रात्री झोप."

दुपारभर ओळंब्याने प्रयत्न केला. मुद्दाम बुडबुडा सोडला, तर तो पेल्याच्या बरोबर मध्यावर जाऊन बसला. काठ मुरडला, तर नक्षी काढल्यासारखा दिसायला लागला. वाकडेपणा कुठून आणायचा माणसाने? शेवटी त्याने ते सगळं पेटीत आपटलं. खड्ड्यात गेले दुकानवाले. आता एक सरळ पेला करायचा, घरासाठी. परवाच घरातला एक निळा फुटला होता. आपल्याला काय येतं ते एकदा आपल्यालाच बघू दे.

त्याने नळीच्या टोकावर निळी काच उचलली आणि फुंकर घातली. नळी फिरवत राहायची, एवढंच खरं कसब. थांबली की मऊ काच खाली ओघळते. त्याचा डावा हात हे झोपेतसुद्धा करत आला होता. आज काठ उघडताना मनगटाने मध्येच अंग टाकलं. एवढंसंच. त्याने सावरलं, तर हात थरथरला. तो पुन्हा आवळून धरला, तर अधिकच थरथरला. काच एका कुशीला जाड होऊन बसली. हे आजचंच नव्हतं. गेले काही महिने तो चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरत होता आणि कुणाला सांगत नव्हता.

तो पेला तिथल्या तिथे फोडायला हवा होता. पण त्याने तो निवण्याच्या भट्टीत ठेवला. उद्या थंड झाल्यावर बघू, उजेडात कदाचित बरा दिसेल, अशी त्याने स्वतःचीच समजूत घातली.

घरी बायकोने हिरव्या पेल्यात पाणी दिलं. त्यांच्या घरात पाणी, औषध, पाहुण्यांचं सरबत, सगळं त्याच्याच पेल्यांतून.

"अहो, हल्ली दोन्ही हातांनी का धरता पेला?"

"सवय."

"कधीपासूनची?"

तो पाणी पीत राहिला. ती समोर बसली. "कारखान्यात काय झालं ते तरी सांगा."

त्याने सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना वाकडं हवंय ना? मग द्या ना वाकडं. कशाला जिवाला त्रास करून घेता?"

"मला येत नाही गं वाकडं करायला," तो एकदम ओरडलाच. मग हळूच म्हणाला, "दाखवू का डॉक्टरला?"

"उद्याच जाऊ," ती म्हणाली, आणि रिकामा पेला तिने त्याच्या हातांतून अलगद काढून घेतला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी निघाला. कुणी बघायच्या आत तो पेला फोडायचा होता. पण मालकीणबाई आणि गवई त्याच्याही आधी आले होते. निवण्याच्या भट्टीचं दार उघडं होतं, आणि बाईंच्या हातात तो निळा पेला होता. काठ एकीकडे झुकलेला, निळाई एका बाजूला साकळलेली.

"काका! हाच! हाच तर म्हणत होते मी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती सुंदर झालाय! बघा ना गवईकाका, कसा जिवंत वाटतोय. कसं जमलं हो तुम्हाला एका दिवसात?"

गवयाने पेल्याकडे बघितलं. मग ओळंब्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. त्याचं गुणगुणणं थांबलं.

ओळंब्याने हात पाठीमागे नेला. "झाला आपोआप."

"दुकानवाल्यांना हाच दाखवते. असे अजून सहा होतील ना? बाक तुमचाच, काका. कुणी हलवणार नाही तुम्हाला."

"होतील ताई," तो म्हणाला. "आता असेच होतील."

बाई हसत ऑफिसात गेल्या. गवई जवळ येऊन नुसता उभा राहिला. "दादा," एवढंच म्हणाला आणि त्याने भट्टीजवळची नळी आणून दिली.

ओळंब्याने ती बाजूला ठेवली. निळा पेला दगडी फळीवर ठेवून, त्यात पाणी ओतून, तो सवयीने समोर उकिडवा बसला आणि त्याने एक डोळा मिटला. पेला भरायच्या आधीच पाणी एका बाजूने सांडायला लागलं. दुसरी कड कोरडीच राहिली. त्याने फळी बाहीने पुसली आणि पेला परत भट्टीजवळ, सगळ्यांना दिसेल असा नेऊन ठेवला.