दोघांच्या फाइली

माणूस जसा जगतो तसंच त्याचं शरीर त्याला परत देतं, यात कधी चूक होत नाही, असं दादांचं ठाम मत होतं. हे मत ते चहा नाकारताना मांडत, त्यामुळे समोरच्याचाही चहा गार व्हायचा.

दादा लिफ्ट तपासनीस होते. दोर, ब्रेक, दरवाजे बघून दाखल्यावर सही करायची, हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं आणि स्वतः जिन्याने चढले. दारू नाही, तंबाखू नाही, साडेनऊला अंथरूण. धाकटा भाऊ मालाची गाडी चालवायचा आणि संध्याकाळी प्यायचा. सकाळी प्यायचा नाही, एवढा त्याचा संयम.

याच धाकट्याला एकदा रक्तदानाची हुक्की आली आणि त्याच्या रक्तात कावीळ 'ब'चा विषाणू निघाला. मग सगळं घर तपासलं. वहिनी सुटल्या. दादांच्या रक्तातही तोच विषाणू, चाळीसेक वर्षं मुक्काम ठोकून. लहानपणी दोघांना एकाच दवाखान्यात एकाच सुईने टोचलं असावं, असा डॉक्टरीणबाईंचा अंदाज.

"मोठा म्हणून आधी मलाच टोचायचे," दादा म्हणाले. मान राखला गेल्याचं त्यांना तेवढ्यातही बरं वाटलं.

दोघांचं रक्त आणि सोनोग्राफी एकाच सकाळी झाली. एकाचं यकृत मऊ, ठणठणीत. दुसऱ्याचं आक्रसून कडक झालेलं, वर गाठ. कडक झालेलं दादांचं होतं.

दादांनी फाइल वाचून मिटली. "अदलाबदल झालीय. आडनाव एक, वडिलांचं नाव एक, तारीख एक. आमच्याकडे शेजारच्या दोन लिफ्टचे दाखले असेच उलटे लागले होते."

डॉक्टरीणबाई पुन्हा तपासायला तयार झाल्या. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

ते तीन आठवडे दादा धाकट्याशी फार प्रेमाने वागले. त्याच्याकडे फळं घेऊन गेले. त्याचं जड खोकं स्वतः उचललं. गाडीच्या कागदांवर कुणाचं नाव आहे, हेही हळूच विचारलं.

"दादा, मी मरतोय का?" धाकटा सफरचंद खात म्हणाला.

"तसं नाही रे. पण सगळं आवरून ठेवलेलं बरं."

वहिनींनी हे पाहिलं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी आजारी निघावेत असं वाटतंय ना तुम्हाला?"

"अहवाल बरोबर यावा, एवढंच म्हणतोय मी."

"तेच म्हणतेय मी."

दादांनी पेपर उघडला. तो कालचा होता.

दुसऱ्या वेळी दादांनी प्रत्येक नळीवर चिठ्ठी चिकटवून स्वतः सही केली, यंत्राच्या पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचून घेतलं. अहवाल आला. तोच.

"मग माझं चुकलं काय?" दादांनी विचारलं.

"तुमचं काहीच चुकलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून दादा जन्मभर नीट वागले होते. "विषाणू दोघांत एकच आहे. त्याच्याशी शरीर कसं झुंजणार आणि यकृत किती लवकर निबर होणार, हे बरंचसं जनुकांवर असतं. आईवडिलांकडून प्रत्येक मुलाला त्यातली वेगळी वाटणी मिळते. तुमची वाईट आली."

"आईवडील तर एकच."

"वाटणी सारखी होत नाही."

"घराच्या वाटणीत मोठी खोली यालाच मिळाली होती," धाकटा म्हणाला. "मी तेव्हा बोललो होतो काही?"

"तुम्ही आजपासून पिणं बंद करा," बाई त्याला म्हणाल्या. "नशीब किती पुरेल सांगता येत नाही."

धाकटा खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बाई, माझं अर्धं काढून याला लावा. मला एवढं लागत नाही."

"तुमच्यातही विषाणू आहे. नाही घेता येणार."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत आपण काय काय मनात आणलं हे त्याला सांगावं, असं त्यांना वाटलं. "गाडी नीट चालव," ते म्हणाले.

दादा अकरा महिन्यांनी गेले. मृतदेह ताब्यात घ्यायच्या फॉर्मवर व्यसनाच्या रकान्यात कारकुनाने 'दारू' लिहिलं. यकृताच्या त्या वॉर्डात तो रकाना तसाच भरत. दुरुस्तीला पंधरा दिवस लागतात असं कळल्यावर धाकट्याने खाली सही केली.