पाणी कोण घालणार?

"मागच्या माळाला कुंपण घालायचं आन् निलगिरी लावायची. ठरल्यातच जमा हाय," सरपंच भिवाजीरावांनी फेटा बांधता बांधता सांगितलं आणि त्यांच्या पत्नी गोजराबाईंची भाकरी तव्यावर तशीच राहिली!

"आन् सरपण कुटनं आणू मी?"

"त्ये बघू मागनं. बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं!"

मुळशीतल्या माले गावची, १९८५ सालच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. पण असलं उत्तर आपण घरोघरी ऐकत आलो आहोत, वाचकहो! गोजराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तडक शेजारच्या किराणा दुकानात गेल्या. दुकान चालवणाऱ्या रोशनबी रेडिओला कान लावून बसल्या होत्या.

"गोजरा, आगं आफ्रिकेत नैरोबीला जगभरातल्या बाया जमल्यात! जंगल, पानी, जळण, समद्यावर बोलत्यात. आमाला सोडून काय ठरवू नका म्हनत्यात!"

"तितं चालतंय, भाभी. हितं बाईनं चावडीच्या ओट्यावर पाय ठिवायचा न्हाई."

"मग त्या बायांना तरी कुनी सुखासुखी बसू दिलं आसंल व्हय? माळ गेल्यावर रडन्यापरीस आत्ताच बोल. चल!"

डोक्यावर इरली घेतलेल्या दहाबारा बायका भर पावसात चावडीपुढे उभ्या राहिल्या. वर ओट्यावर गावाची बैठक भरली होती आणि वनीकरण खात्याचे साहेब विचारत होते, "रोपं लावू हो, पण उन्हाळ्यात त्यांना पाणी कोण घालणार?"

"बायका की!" सगळे पुरुष एका सुरात ओरडले. भिवाजीरावांचा आवाज सगळ्यांच्या वर!

झालं! गोजराबाई सरळ ओट्यावर चढल्या.

"पानी आमी घालायचं, मग झाडं कंची लावायची त्ये आमाला इचारलं का कुनी? माळ बंद केल्यावर तुमच्या भाकरीखाली जाळू काय?"

भिवाजीराव तरातरा उठले. गोजराबाईंना वाटलं, आता चारचौघांत पाणउतारा होणार. पण त्या मागे सरल्या नाहीत. भिवाजीरावांनी मान खाली घातली.

"चुकलं आमचं," ते म्हणाले. "सरका रं समदी! बायांना बसू द्या."

काय तो आनंद! दुपारपर्यंत नुसता गलका चालला होता. अर्धा माळ सरपणाला मोकळा राहिला, उरलेल्यावर करंज, जांभूळ लावायचं ठरलं. आणि पाण्याच्या पाळ्या पुरुषांनाही लागल्या!

बंधुभगिनींनो, विकासाचा विचार नैरोबीत होवो की माले गावात, ज्यांच्या डोक्यावर त्याचं ओझं पडतं, त्यांना त्या बैठकीत बसायला जागा हवीच. तुमच्या गावच्या चावडीवर ती आहे का? आजच जाऊन बघा, आणि नसेल तर आधी आपण स्वतः सरका!