‘बोलू नका’ लिहिलेला डगला

मित्रांनो, मी एक जुना लाल डगला. बिनबाह्यांचा. वॉर्डात औषधे देताना नर्सबाई मला गणवेशावर चढवायच्या. माझ्या पाठीवर पांढऱ्या दोऱ्याने लिहिले आहे, ‘औषध देत आहे. बोलू नका.’

मला एका शिंप्याने शिवले. शिवताना तो स्वतःशीच बोलत असे, म्हणून माझ्या जन्माआधीची गोष्टही मला ठाऊक आहे.

पायाची जखम चिघळल्याने त्याची बायको दवाखान्यात होती. बरी होत आली होती. तिथल्या एका नर्सला सगळे ताई म्हणत. त्या दुपारी एकट्या ताईवर तीस रुग्ण होते. शिंप्याच्या बायकोच्या हाताला लावलेली नळी मिठाच्या पाण्याने धुवायची होती. ट्रेमध्ये शेजारीच हुबेहूब तशी दिसणारी दुसरी बाटली होती. तिच्यातले औषध पातळ न करता शिरेत गेले, तर हृदय बंद पडते. ताईने हात पुढे केला, तेवढ्यात शिंपी म्हणाला, "ताई, हिला घरी कधी सोडणार हो?"

ती वळली, हसली. "परवा न्या की! ठणठणीत झाल्यात आता."

बाटलीवरचे नाव वाचायचे राहून गेले.

डॉक्टर धावत आले, पण बाई गेली ती गेलीच. ताईने काही लपवले नाही. "माझ्या हातून चुकलं," ती तिथल्या तिथे म्हणाली. पुढे चौकशीत साहेबांनी विचारले, "त्या वेळी तुमच्याशी कोणी बोलत होतं का?"

"नाही. लक्ष माझंच नव्हतं."

मागे बसलेला शिंपी उठला. "साहेब, त्या मला वाचवताहेत. मी बोलत होतो." आणि सगळ्यांसमोर तो ओक्साबोक्शी रडला.

महिन्याभराने तो मला घेऊन वॉर्डात आला. "ताई, हा घालत जा. म्हणजे माझ्यासारखं कोणी मध्येच बोलणार नाही."

तिने मला घेतले, उराशी धरले, पण अंगात घातले नाही. "दादा, आता माझ्याच्यानं कुणाला औषध देववत नाही." ती तेव्हापासून तळमजल्यावर जुने कागद लावते.

मला इतरजणी घालू लागल्या. नातेवाईक आपोआप गप्प होत. त्या दोन बाटल्यांची कपाटेही वेगळी झाली. माझे फार कौतुक झाले. मग कामाची घाई वाढली. "एवढ्याशा कामाला कोण चढवतंय तो!" असे म्हणत मला दारामागच्या खिळ्याला अडकवले. आज माझा रंग विटला आहे, खांद्याची शिवण उसवली आहे. समोरून औषधांचा ट्रे जातो, माणसे नर्सला अडवून काहीबाही विचारतात आणि मला ओरडता येत नाही.

मित्रांनो, आपले माणूस आजारी असले की जीव राहत नाही, हे मला कळते. विचारा, सगळे विचारा. फक्त नर्सच्या हातात औषध असेल, तर तेवढे देऊन होऊ द्या. आणि तुमच्यातली कोणी उद्या नर्स झाली, तर तिने मला खिळ्यावरून काढावे. मी जुना झालो आहे, पण अक्षरे अजून वाचता येतात.