सरडीला माती हवी होती

सोआझाराने पिंजरा उघडून सरडीला हातावर घेतलं. पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं, डोळे खोल गेलेले. कालपासून ती पिंजऱ्याचा सिमेंटचा तळ नखांनी खरवडत होती. सरडीला अंडी घालायला माती लागते हो, सिमेंटमध्ये काय डोंबल उकरणार ती? अंडी पोटात अडली की सरडी मरते. मागच्या वर्षी एक अशीच तडफडून गेली, सोआझाराच्या डोळ्यांदेखत. आता पुन्हा ते होऊ द्यायचं नाही, तिने ठरवलंच होतं.

पिंजऱ्यातले दोन्ही नर सरडे भांडकुदळ, म्हणून सकाळीच त्यांना अंगणातल्या वेगवेगळ्या झाडांवर सोडून झालं होतं.

"आत ठेव तिला!" सासूबाई झायना खानावळीच्या चुलीपासून ओरडल्या. "पाहुणे जेवायला थांबतात ते हे रंगीत सरडे बघायला. आता काय रिकामी जाळी दाखवू?"

"झाडावर दाखवू."

"आणि पळून गेले तर?"

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आई! मग भीती कसली?"

"जीभ बघा कशी चुरुचुरु चालते!"

एवढ्यात शेजारचे जाओफेनो काठी घेऊन आले. सरड्याकडे सरळ बोट दाखवणं अशुभ, म्हणून बोट वाकवून म्हणाले, "ही बला मोकळी? माझी सून पोटुशी आहे, तिच्या नजरेला सरडा पडणं वाईट. पिंजऱ्यात घाला, नाहीतर मी ठेचतो!"

सोआझारा आडवी आली. "काका, हीसुद्धा पोटुशीच आहे. तुमच्या सुनेला सिमेंटवर बाळंत हो म्हणाल का?"

जाओफेनो पुटपुटत निघून गेले. झायनाबाईंचा भात ढवळणारा हात मात्र थांबला.

सोआझाराने सरडीला खाली ठेवलं. सरडी डुलत डुलत चालली आणि नेमकी फाटकातून येणाऱ्या वाटेवरच उकरू लागली. तिथली माती मऊ होती. हळूहळू तिचं डोकं खड्ड्यात गेलं. आता कुणी जवळून गेलं असतं तर ती काम टाकून पळाली असती.

आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली. भरलेली! एवढं गिऱ्हाईक सासूबाई कशा सोडतील?

झायनाबाई हात पुसत उठल्या. सरडीला लांबून वळसा घालून, कुंपणाच्या कडेकडेने फाटकाशी गेल्या आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"आज जेवण नाही," त्या म्हणाल्या. "घरात बाळंतीण आहे."