गेटपासवरची गोरी मुलगी

घरात मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं की आधी फोटोचा विषय निघतो. मग फोटो काढायला गेल्यावर आई किंवा आत्या फोटोग्राफरला बाजूला घेते आणि हळूच एक वाक्य सांगते. आपण सगळ्यांनी ते कधी ना कधी ऐकलेलं आहे आणि आपल्यापैकी काहींनी सांगितलेलंही असेल. "जरा उजळ येऊ द्या."

चिंचवडच्या उद्धवरावांना हे वाक्य सांगावंही लागत नसे.

उद्धवराव मूळचे बार्शीकडचे. सत्तेचाळीसच्या आगेमागे त्यांनी चिंचवड स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याच्या छपराखाली स्टुडिओ थाटला. उत्तरेच्या भिंतीला मोठी खिडकी होती, मागे तळं आणि हंस रंगवलेला पडदा होता आणि तीन पायांवर उभा असलेला लाकडी कॅमेरा होता. फोटो काचेवर निघत. पण उद्धवरावांचं नाव झालं होतं ते कॅमेऱ्यामुळे नव्हे, पेन्सिलीमुळे. ताथवड्यापासून चाकणपर्यंत लोक म्हणत, उद्धवरावांच्या हाताखालून गेलेली मुलगी सावळी राहत नाही.

यात जादू काही नव्हती. फोटोच्या काचेवर सगळं उलटं उमटतं. जे काळं ते पारदर्शक होतं आणि जे पांढरं ते काळपट. सावळा चेहरा काचेवर पातळ येतो, त्यातून उजेड सहज पार होतो आणि खालचा कागद काळवंडतो. उद्धवराव त्या पातळ जागी पेन्सिलीचे केसाएवढे बारीक फराटे भरत. शिशाने उजेड अडला की कागद तेवढा पांढरा राही आणि चेहरा गोरा होई. देवीचे व्रण, गोंदण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं याच वाटेने नाहीसं होई. एका चेहऱ्याला ते दोन दोन तास देत आणि त्याचा वेगळा आकार घेत नसत. आपण लोकांचं भलं करतो, असं त्यांना मनापासून वाटे. आणि ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते, हे इथे सांगायला हवं.

त्यानंतर दहा वर्षांनी पिंपरीच्या माळावर काचेच्या बाटल्यांचा एक नवा कारखाना उभा राहिला. बाटल्या तपासायच्या खात्यात बायका घेणार, अशी दवंडी पिटली गेली तेव्हा गावोगावच्या पारांवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. थेरगावच्या छबूबाईंची शालन सातवी फायनलची परीक्षा पास झालेली, सतरा संपून अठरावं लागलेलं. ती चाचणीला गेली. पन्नास बाटल्या उजेडासमोर धरून खोट शोधायची होती. साहेबांनी आठ खराब बाटल्या मुद्दाम मिसळल्या होत्या, शालनने नऊ काढल्या. नववीतला बुडबुडा साहेबांनाही भिंग लावल्यावर दिसला. तिची निवड झाली. सोमवारी सकाळी आठला फोटो घेऊन हजर व्हायचं, फोटो गेटपासवर चिकटवला जाईल, आणि दुपारी बारापर्यंत पास झाला नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावलं जाईल, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

छबूबाई मुलीला घेऊन स्टुडिओत आल्या. फोटो कारखान्यासाठी हवा, हे त्यांनी सांगितलं. शालन पडद्यावरच्या हंसाला पाय किती ते मोजत होती, तेवढ्यात त्यांनी आवाज उतरवून हेही सांगितलं की पुढे स्थळं यायची आहेत, एकाच फोटोत दोन्ही कामं उरकली तर बरं.

उद्धवरावांनी मान हलवली आणि आपलं सगळं कसब पणाला लावलं. शालनच्या कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके होते, ते पेन्सिलीने भरून टाकले. लहानपणी वासराचं शिंग लागून डाव्या भुवईत पांढरी रेघ पडली होती, ती काच चाकूने अलगद खरवडून भुवईत मिळवून टाकली. गाल, नाक, हनुवटी, गळा, सगळं चांदण्यासारखं केलं. शनिवारी फोटो हातात पडला तेव्हा छबूबाईंचे डोळे भरून आले. शालनने फोटो सरळ धरून पाहिला, मग तिरका धरून पाहिला.

"ही कोन म्हनायची?" तिने विचारलं.

आईने तिला गप्प केलं.

सोमवारी फाटकावर दौलतराव होते. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला मावळातला माणूस, मिशा पांढऱ्या, बूट आरशासारखे. त्यांनी शालनच्या हातातला फोटो घेतला, तिच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा दोन्हीकडे पाहिलं.

"पोरी, ह्या बाईला घिऊन ये," ते म्हणाले. "ती आली की तिला आत सोडतो."

मागच्या रांगेत हशा पिकला. शालनने समजावून सांगितलं, नाव सांगितलं, साहेबांनी घेतलेल्या चाचणीची गोष्ट सांगितली. दौलतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते उर्मट नव्हते. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की पासवरचं तोंड आणि समोरचं तोंड जुळवून बघायला आपल्याला इथे बसवलंय. गोंदण न्हाई, भुवईचा वण न्हाई, रंग दुसरा. उद्या हिच्या पासवर हिची मामेबहीण आत आली तर आपण कशावरून ओळखायचं? शेवटी त्यांनी फाटकावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि बारा वाजेपर्यंत तिचं नाव खोडणार नाही, एवढा शब्द दिला.

छबूबाई फाटकाबाहेरच मटकन बसल्या. शालन मात्र वळली आणि चिंचवडच्या रस्त्याने झपाझप चालू लागली. मागोमाग पदर खोचत आईही निघाली.

नऊच्या सुमाराला दोघी स्टुडिओत पोचल्या. हकीकत ऐकून उद्धवरावांना आधी रागच आला. त्या पहारेकऱ्याला कलेतलं काय कळतं, असं ते म्हणाले. या फोटोवर आपण अडीच तास घालवलेत, हेही ऐकवलं. इतकं चांगलं काम पुण्यातही कुणी करून देणार नाही, असंही म्हणून झालं. शालनने मान खाली घातली नाही. तिने मूळ काच बघायला मागितली.

उद्धवरावांनी जरा नाखुशीनेच ती दिली. शालनने काच खिडकीसमोर धरली, थोडी वाकडी केली, आणि उजेड तिरपा पडताच पेन्सिलीचा एकेक फराटा तिला दिसू लागला. कपाळावर दाट, गालावर त्याहून दाट. ती बराच वेळ बघत राहिली.

"काका, तुमी लई मेहनत घेतली," ती म्हणाली. "पर ह्यात मी कुठं ऱ्हायले? नोकरी मला लागलीया. आत मला जायाचंय. आन् तुमी माज्या जागी दुसरीच पाठिवली."

उद्धवराव म्हणाले की तुझ्या भल्यासाठीच केलं, पोरी. गोरी दिसलीस तर बिघडलं काय?

याचं उत्तर आतल्या दारातून आलं. कुसुमताई, उद्धवरावांच्या पत्नी, फोटो धुण्याचं काम करत. हात पुसत त्या बाहेर आल्या. रंगाने त्या शालनपेक्षाही सावळ्या. उद्धवरावांनी लग्नाचा फोटो स्वतःच्या हाताने दुरुस्त करून, चौकट करून स्टुडिओत टांगला होता, आणि त्यातली नवरी दुधासारखी गोरी होती.

"अहो, त्या फोटोखालून मी दहा वर्षं ये-जा करते आहे," कुसुमताई म्हणाल्या. "येणारं गिऱ्हाईक विचारतं, ही पहिली बायको का? मी हसून वेळ मारून नेते. पण तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही, की मला माझा फोटो कसा आवडेल?"

उद्धवरावांनी शालनच्या हातातली काच परत घेतली आणि टेबलावर ठेवली.

"डाग पुसला तर माणूस आभार मानतं," कुसुमताई सावकाश म्हणाल्या. "पण माझा रंग हा डाग आहे, असं ठरवलं कुणी? तुम्ही दर वेळी पेन्सिल उचलता ना, तेव्हा न बोलता समोरच्या पोरीला सांगता, की तू आहेस तशी चालणार नाहीस. तिची आई ते ऐकते, येणारा पाहुणा ते ऐकतो, आणि मग सगळं गाव तेच बोलायला लागतं. आज एका पोरीला तिच्याच नावाने फाटकावर अडवलं, म्हणून तुम्हाला कळलं तरी!"

कोपऱ्यात उभ्या असलेल्या छबूबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. आपणही हळूच काय सांगितलं होतं, ते त्यांना त्या क्षणी आठवलं असणार.

उद्धवरावांनी भिंतीवरच्या नवरीकडे पाहिलं, मग कुसुमताईंकडे. पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं की या दोघींपैकी ज्या बाईबरोबर आपण संसार केला, तिचा एकही फोटो आपल्याजवळ नाही. इतके चेहरे काढणाऱ्या माणसाजवळ नाही! ते उठले, पेन्सिली टेबलावरून उचलून खणात टाकल्या, आणि घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते.

"चल पोरी, अंगणात," ते म्हणाले. "कुसुम, धुतलेली चादर आण."

आता त्यांच्यापुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. सावळा चेहरा चांगला कसा काढायचा, हे त्यांना नीट माहीतच नव्हतं. पेन्सिल होती तोवर ते शिकायची गरज पडली नव्हती. सगळ्यांना सारखाच उजेड, सारखाच वेळ, उरलेलं शिशाने. आज त्यांना पहिल्या दिवसासारखा विचार करावा लागला. शालनला त्यांनी भिंतीच्या सावलीत बसवलं, म्हणजे ऊन थेट तोंडावर येणार नाही. दुसऱ्या बाजूला कुसुमताईंनी पांढरी चादर ताणून धरली, तिच्यावरून परतलेला उजेड गालावर मऊ पडला. नेहमी ते काच एक सेकंद उघडी ठेवत. एक काच दोन सेकंदांवर काढली, दुसरी तीनवर. चादर धरून कुसुमताईंचे हात दुखले आणि वाऱ्याने चादर त्यांच्याच डोक्यावर येऊन पडली, तेव्हा शालन खळखळून हसली. उद्धवरावांनी तिला हसू आवरायला सांगितलं, पण ते पुरतं आवरलं गेलं नाही. थोडं डोळ्यांत राहिलंच.

काच धुतली, स्पिरिटात बुडवून पंख्याने वारा घालून वाळवली. दोन सेकंदांची फारच पातळ होती, तीनची उत्तम निघाली. खिडकीशी कागदावर छापली, टिपकागदात दाबली. सव्वाअकराला फोटो हातात होता. अजून जरासा ओलाच.

त्यात शालन होती. सावळी, तुकतुकीत, कपाळावर तीन ठिपके, भुवईत पांढरी रेघ, आणि समोरच्याचा खोटेपणा एका नजरेत ओळखतील असे डोळे. उद्धवराव आपल्याच फोटोकडे नवख्यासारखे बघत राहिले. त्वचेवर उजेडाच्या इतक्या छटा असतात, हे एवढ्या वर्षांत त्यांनी कागदावर कधी पाहिलंच नव्हतं. दर वेळी त्यांनी त्या शिशाखाली पुरल्या होत्या.

टांगा करून चौघेही निघाले. फाटकावर पोचले तेव्हा बाराला वीस मिनिटं कमी होती. उद्धवराव पुढे झाले आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हवालदारसाहेब, चूक मुलीची नाही, माझी आहे."

दौलतरावांनी फोटो घेतला. शालनकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. या वेळी चष्मा पुसावा लागला नाही.

"हीच ती," ते म्हणाले. "हिला आता मी अंधारातबी वळकीन."

शिक्का पडला. शालनने पास छातीशी धरला, आईच्या पाया पडली आणि फाटकातून आत गेली. मागे वळून हात करायलाही ती विसरली, इतकी घाई तिला झाली होती.

दौलतरावांनी मग उद्धवरावांना बाजूला घेऊन विचारलं, की उद्याच्या यादीतल्या किती मुलींचे फोटो तुमच्याकडचे? उद्धवरावांनी बोटं मोजली. अकरा होत्या. दौलतरावांनी कपाळाला हात लावला. त्याच दुपारी उद्धवरावांनी कॅमेरा टांग्यात घालून आणला, फाटकाजवळच्या भिंतीच्या सावलीत मांडला आणि निरोप धाडून सगळ्या अकराजणींना बोलावून घेतलं. चादर धरायला या वेळी छबूबाई उभ्या राहिल्या. एका मुलीच्या आत्याने हळूच पुढे येऊन उद्धवरावांच्या कानाशी काही सांगायला सुरुवात केली, तर छबूबाईच चादरीमागून बोलल्या.

"तसं काय सांगू नगा, बाई. म्या सांगून बघितलंय. पोर फाटकाभाईर ऱ्हाती."

अकराजणी हसल्या, आत्याही हसली. सगळे फोटो हसऱ्या चेहऱ्यांचेच निघाले.

पुढे शालनसाठी स्थळं आली तेव्हा छबूबाईंनी तोच गेटपासचा फोटो पाठवला. दोन ठिकाणांहून तो परत आला. तिसऱ्या ठिकाणी काय झालं ते इथे सांगण्याचं कारण नाही, कारण शालन त्या उत्तराची वाट बघत बसली नव्हती. ती रोज सकाळी आठला कामावर जात होती. कुसुमताईंचा मात्र नवा फोटो निघाला. तो काढायला उद्धवरावांनी चार काचा घालवल्या, आणि चारही सांभाळून ठेवल्या.

मित्रहो, उद्धवरावांसारखी पेन्सिल आपल्या हातात नसते, पण जीभ असते. "रंग जरा डावा आहे, पण स्वभाव चांगला," असं आपण सहज म्हणतो. त्या 'पण'ने आपणही तेच फराटे ओढत असतो, आणि तेही उद्धवरावांसारखे प्रेमाने. सावळेपणा हा दोष नाही. जिथे दोष नाही तिथे दुरुस्ती करायला गेलं की माणूस सुधारत नाही, पुसला जातो. आपल्या लेकीसुनांकडे, बहिणींकडे पुरेसा वेळ देऊन, नीट उजेडात बघायला आपण शिकलं पाहिजे. त्याला तीन सेकंद पुरतात!