चाळीस सेकंदांची तान

"परत," फर्मिन म्हणाला आणि त्यानं ड्रमच्या काड्या चार वेळा एकमेकींवर आपटल्या.

एलोयनं मान खाली घालून पुन्हा सुरुवात केली. सात सूर नीट गेले. आठव्याला डाव्या हाताची करंगळी आपोआप दुमडली, तळव्यात जाऊन बसली आणि तान तुटली.

"तार उतरलीय," एलोय म्हणाला.

"सकाळपासून तिसऱ्यांदा उतरतेय तुझी तार."

एकोणीस वर्षांनी बँड एकत्र आला होता. पिलारच्या जत्रेत, सारागोसाच्या भर चौकात वाजवायचं होतं. नऊ दिवस उरले होते.

ज्या वर्षी एब्रो नदी त्याच्या आईच्या मळ्यात शिरली, त्या वर्षी एलोयनं पुराचं गाणं लिहिलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, वेल्डिंगच्या कारखान्यात कामाला. गाण्याच्या मधोमध त्याच्या गिटारची चाळीस सेकंदांची तान होती. लोक शब्द विसरले, पण तान विसरले नाहीत. पुढं तीन रेकॉर्ड निघाल्या, गावोगाव भटकंती झाली, या भटकंतीला कंटाळून बायको निघून गेली. मग बँडही फुटला. एलोयकडे राहिली ती एवढी तान.

फेब्रुवारीत करंगळी फितूर झाली. तीच करंगळी संत्रं सोलायची, शर्टाची बटणं लावायची. गिटारवर ठेवली की मात्र दुमडायची. "हाताला काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूचा निरोप चुकतोय. जितकं वाजवाल तितकं बिघडेल." एलोय घरी आला आणि रोज सहा तास वाजवू लागला. करंगळीला काडी बांधून पाहिली, कढत पाण्यात बुडवून पाहिली. गेल्या रविवारी त्यानं ती टेबलाच्या खणात धरली आणि दुसऱ्या हातानं खण जोरात लोटला. वेदनेनं तरी शहाणी होईल म्हणून.

फर्मिन उठून जवळ आला. त्यानं एलोयचा हात उलटा केला. नख काळंनिळं पडलं होतं.

"हे काय?"

"दारात सापडलं."

"चाळीस वर्षं ओळखतोय मी तुला, निम्मी तुझ्या मागं बसून वाजवण्यात गेली. तुझी पाठ खोटं बोलली तरी मला कळतं, गाढवा."

"नऊ दिवस आहेत अजून. तू जरा संथ वाजव, मी जमवतो. पाया पडतो तुझ्या, फर्मिन."

"पूर संथ येत नसतो रे."

मग फर्मिन खाली बघत म्हणाला, "नेरेआ आलीय. लोग्रोन्यो गावची ती गिटारवाली. मीच बोलावली. बाहेर गाडीत बसलीय."

"कधीपासून?"

"तास झाला."

एलोयनं गिटार उचलली. ती आता भिंतीवर आपटणार असं फर्मिनला वाटलं. एलोयनं ती तशीच धरून ठेवली. मग तो म्हणाला, "थंडीत कशाला बसवलंस पोरीला? बोलाव."

नेरेआ तिशीची होती. आत आली ती ओशाळूनच. "तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता परत जाते," ती म्हणाली.

"वाजव."

तिनं तान वाजवली. एकही सूर चुकला नाही. परक्या घरातून आपलाच आवाज ऐकू यावा तसं एलोयला झालं.

"सगळं बरोबर आहे," तो म्हणाला, "पण नदी कुठाय? आठव्या सुरापाशी थांब. पाणी आधी भिंतीशी येऊन थांबतं. आई म्हणते, आता नाही येत आत. आणि मग येतं." त्यानं डोळे मिटले आणि तान गुणगुणून दाखवली. मग पुन्हा. दुपार होईपर्यंत तो गात होता, ती वाजवत होती. फर्मिन विनाकारण ड्रमचे स्क्रू पिळत बसला होता.

जत्रेच्या संध्याकाळी मंचाशेजारी त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. एलोय तिकडं फिरकला नाही. तो गर्दीत उभा राहिला. पुराचं गाणं सुरू झालं तशी शेजारची एक बाई त्याच्याकडे वळली. तिच्या दोन्ही हातांत बिअरचे ग्लास होते.

"अहो, जरा धरता का? आता ती तान येईल, मला टाळ्या वाजवायच्यात."

त्यानं ग्लास घेतले. मंचावर नेरेआनं तान सुरू केली. हजारो लोक उसळले, चहूकडून धक्के बसू लागले. एलोय दोन्ही हात छातीशी धरून जागच्या जागी उभा राहिला.

तान संपली. बाईनं ग्लास परत घेतले आणि नवलानं पाहिलं.

"अगंबाई! एक थेंबसुद्धा सांडला नाही."